इंगवले साहेबांचं मनगट

"गेला कुठं?" इंगवले साहेबांनी विचारलं.

बॉल कुठं गेला ते आम्हा तिघांनाही दिसलं होतं. उजवीकडं, कुंपणाच्या तारेवरून, शेजारच्या उसात. तरी सेक्रेटरी शिरगावकर कपाळावर आडवा हात धरून बरोब्बर समोर, जिथं बॉल जायला हवा होता तिथं बघत राहिले.

"उंची बक्कळ मिळाली, साहेब," ते म्हणाले. "त्यामुळं डोळ्याला ठरला नाही."

"मास्तर, तुम्ही सांगा."

"उसात, साहेब."

शिरगावकरांनी माझ्याकडं असं बघितलं की जसा काही मीच तो बॉल खिशातून काढून उसात टाकला होता. साहेबांनी दुसरा बॉल मागितला. तोही उसात गेला. त्या वर्षी त्या शेतकऱ्याला उसाबरोबर बॉलचंही पीक आलं असणार.

ही कोल्हापूरकडची गोष्ट. क्लबचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांना वाचायला वेळही भरपूर आहे. मी फौजेत असताना साहेब लोकांच्या पिशव्या वाहता वाहता गोल्फ शिकलो, बऱ्यापैकी खेळायला लागलो, आणि निवृत्तीनंतर या क्लबात शिकवायला लागलो. नाव शंकर खोराटे, पण सगळे मास्तरच म्हणायचे. क्लबच्या मागं दोन खोल्या मिळाल्या होत्या. तिथं मी, बायको मंगल आणि त्या वर्षी दहावीला जाणारी लेक, असे राहत होतो. शाळा टेकडीच्या पायथ्याला, चालत जाण्यासारखी. थोडक्यात, सगळं त्या नोकरीवर टांगलेलं होतं.

आणि नोकरी इंगवले साहेबांच्या मनगटावर टांगलेली होती.

धैर्यशीलराव इंगवले म्हणजे क्लबचे अध्यक्ष. फाउंड्रीचे मालक. कोनशिलेवर त्यांचं नाव, बाकड्यांवर नाव, पोहण्याच्या तलावावर नाव, एवढंच काय, पाणपोईच्या फरशीवरही नाव होतं. फक्त एका ठिकाणी नव्हतं. हॉलमध्ये सागवानी फळा होता, त्यावर दर वर्षीच्या ढालीच्या स्पर्धेतल्या विजेत्याचं नाव सोनेरी अक्षरात लिहायची पद्धत. तिथं ओळीनं एकच नाव होतं, डॉक्टर मगदूम. साहेब जेवायला बसले की फळा नेमका समोर यायचा. त्यांनी खुर्ची बदलून बघितली, तर मागच्या आरशात दिसायला लागला.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांनी मला बोलावून स्वच्छ सांगितलं, "मास्तर, औंदा ढाल मला पाहिजे. आणून दिली तर तुमची नोकरी पक्की, खोल्याबी पक्क्या. न्हाई जमलं तर बँकॉकचा कोर्स केलेला एक पोरगा तयार हाय. कमिटीचं त्याच्यावर लई मन हाय. मीच थोपवून धरलंय."

ढाल मी खेळायची नव्हती, त्यांनी खेळायची होती. पण हे बोलून दाखवण्याइतका मी शहाणा असतो तर फौजेत सुभेदार झालो असतो.

साहेबांच्या खेळात तशा चुका पुष्कळ होत्या, पण मूळ एकच. गोल्फमध्ये स्टिक मागं उचलताना मनगट दुमडायचं. खाली येताना ते दुमडलेलंच ठेवायचं, हात पुढं आणि स्टिक मागून रेंगाळत, आणि अगदी बॉलपाशी आलं की मनगट मोकळं सोडून द्यायचं. आधी सोडलं तर जोर हवेत जातो. सोडलंच नाही तर बॉल उसात जातो. साहेब सोडतच नव्हते. मोटार अडकली की पहार धरतात तशी ते स्टिक धरायचे. नसा तटतटायच्या, मान लाल व्हायची.

मी म्हणायचो, "साहेब, मनगट सैल सोडा."

यावर ते चिडायचे. "अहो मास्तर, ही फाउंड्री मनगटाच्या जोरावर उभी केलीय. सैल सोडलं असतं तर तुम्हाला पगार कुठनं मिळाला असता?"

शिरगावकर मान डोलवायचे. फाउंड्री साहेबांच्या वडिलांनी उभी केली होती हे फाउंड्रीच्या गावाला, सगळ्या शिरोलीला माहीत होतं, पण शिरोलीतलं कुणी क्लबचं सभासद नव्हतं.

उपाय करून झाले. साहेबांच्या जावयानं दुबईहून मनगटाला बांधायचं एक यंत्र आणलं. मनगट चुकलं की ते शिट्टी वाजवायचं. ते इतकं वाजलं की कुंपणापलीकडं ऊस तोडणाऱ्या बायका काम टाकून बघायला आल्या. मग तालमीतला एक मालिशवाला आणला. त्यानं मनगट तेलात मुरवलं आणि निदान केलं की साहेबांचा हात पैलवानी आहे, एकदा धरलं की सोडणार नाही. साहेब या निदानावर इतके खूश झाले की पुढचे कित्येक दिवस ते आणखी घट्ट धरायला लागले. मी रात्रंदिवस त्या मनगटाचा विचार करत होतो. ढाल जवळ आली होती, आणि घरी मंगल लेकीच्या नव्या पुस्तकांना कव्हरं घालत होती.

त्यातच वानरांच्या टोळीनं आमच्या खोल्यांची कौलं फोडली. मी शिरगावकरांना सांगितलं, पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, कमिटीसमोर ठेवतो. कमिटी जेवायला बसायची, उठायची, कौलं तशीच. शेवटी मंगलच म्हणाली, मी बोलते साहेबांशी. मी म्हटलं, सध्या नको, त्यांचं मनगट अजून सुटलेलं नाही. तिनं ऐकलं नाही. ती कुणाचं ऐकणारी नव्हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाच्या मैदानावर साहेब चहा पीत उभे होते. भोवती शिरगावकर आणि आणखी चारपाच सभासद. मंगल पदर खोचून सरळ समोर येऊन उभी राहिली.

"साहेब, नमस्कार. मास्तरांची मंडळी मी. कौलं फुटल्यात, आढ्यातनं आभाळ दिसतंय. पाऊस लागायच्या आत तेवढं बघा. पोरगी दहावीला हाय."

साहेबांनी तिच्याकडं बघितलं नाही. उजव्या हातात कप होता. डावा हात तेवढा हलला.

आता तो हात कसा हलला हे मला नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आधी मनगट हळूच दुमडलं. बोटं सैल, वाळत घातलेल्या फडक्यासारखी लोंबत. मग कोपर पुढं सरकलं, पण पंजा मागंच रेंगाळत राहिला, अजिबात घाई नाही. आणि अगदी शेवटच्या क्षणी मनगट सुटलं. हाताची पाठ समोर, मंगलच्या दिशेला. ताटावरची माशी उडवावी तेवढंच. त्यात ताकद अशी नव्हतीच, तरी मंगल दोन पावलं मागं गेली.

सभासद दुसरीकडं बघायला लागले. शिरगावकर मंगलला म्हणाले, "चला बाई, चला." आणि मी, तिचा नवरा, जागच्या जागी उभा होतो. ज्या गोष्टीसाठी मी उन्हाळाभर घसा कोरडा केला ती माझ्या डोळ्यांसमोर घडली होती. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही, हे खरं आहे.

घरी गेलो तेव्हा ती भाकरी थापत होती. शेजारच्या क्लबच्या भिंतीला हादरे बसावेत अशी थापत होती.

"मंगल, सापडलं," मी म्हणालो.

"काय सापडलं? कौलं?"

"मनगट. साहेबांचं मनगट डाव्या हातात आहे. तुला त्यांनी जा म्हटलं ना, तेव्हा बघितलंस? आधी दुमडलं, मग रेंगाळलं, मग..."

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडं वळली.

"चार माणसांत त्या बाबानं मला हात झाडून हाकललं," ती म्हणाली. "आणि तुमी उभं राहून त्याचं मनगट बघत हुता?"

मी समजावून सांगितलं. मनगट सुटलं की ढाल, ढाल आली की नोकरी, नोकरी राहिली की खोल्या, खोल्या राहिल्या की कौलं. सगळं एका माळेत होतं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं. मग कसं हुतं मनगट?"

"बिनचूक," मी मनापासून म्हणालो.

त्या दिवशी मला भाकरी मिळाली, पण वाढून मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या हातातून स्टिक काढून घेतली. "साहेब, समजा मी तुमच्या फाउंड्रीतला कामगार आहे. पगारवाढ मागायला आलोय."

त्यांचा डावा हात आपोआप हलला. झकास.

"परत. आता समजा वर्गणी मागणारं मंडळ आलंय."

पुन्हा झकास.

"आता हातात स्टिक घ्या. उजवा हात नुसता सोबतीला ठेवा. तो बॉल नाही, साहेब. ते मंडळ आहे."

साहेबांनी बॉलकडं बघितलं. चेहऱ्यावर एक कंटाळा आला, मोठ्या माणसाला लहान माणसाचा येतो तो. मान लाल झाली नाही, नसा तटतटल्या नाहीत. स्टिक मागं गेली, रेंगाळली, सुटली. टक् असा सुका आवाज आला आणि बॉल सरळ रेषेत, उसाकडं ढुंकूनही न बघता, निंबाच्या झाडापलीकडं जाऊन पडला.

शिरगावकर नेहमीप्रमाणं कौतुक करायला तोंड उघडून उभे होते, पण खरंच कौतुक करायची वेळ आल्यामुळं त्यांना शब्द सुचेना.

तिथून पुढं साहेब सुटलेच. गोल्फ त्यांना शिकवावंच लागलं नाही. ते त्यांना जन्मभर येत होतं, फक्त स्टिक कुठं लावायची ते माहीत नव्हतं. अंतराप्रमाणं ते माणसं निवडायला लागले. जवळचा फटका असला की चहा थंड आणणारा वेटर. मध्यम असला की जावई. लांब मारायचा असला की युनियनचा पुढारी. बॉल ठेवला की पुटपुटायचे, "हा कोण? हा सप्लायर," आणि सप्लायर निंबापलीकडं. एकदा फारच सुंदर फटका बसला, तेव्हा मी विचारलं, हा कोण होता? साहेब खुशीत होते, म्हणाले, "शिरगावकर." शिरगावकरही सगळ्यांबरोबर हसले, पण त्या दिवशी लवकर घरी गेले.

साहेब मला आता खांद्यावर हात ठेवून बोलवायचे. एकदा त्यांच्या कपातला अर्धा चहा मला बशीत ओतून दिला. मी घरी सांगितलं की नोकरी पक्की समज. मंगल म्हणाली, "कागद दिला का?" मी म्हटलं, अगं, चहा दिला. ती तुटक्या कौलाखाली पातेलं ठेवायची जागा तेवढी बघून आली.

ढालीचा दिवस उजाडला. अंतिम सामना साहेब आणि डॉक्टर मगदूम यांच्यातच होणार हे ठरलेलं. याला कारण आमच्या क्लबची एक रीत. बॉल भोकाच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर असला तर समोरचा खेळाडू मोठ्या मनानं म्हणतो, "उचला." म्हणजे तो गेला असं धरायचं. ही रीत सगळीकडंच आहे. पण आमच्याकडं साहेब अध्यक्ष झाल्यापासून ती वीत वाढत गेली. आधी हातभर झाली, मग स्टिकभर, आणि त्या वर्षी तर साहेबांचा बॉल भोकाभोवतीच्या हिरवळीला नुसता लागला तरी समोरचा म्हणायचा, "उचला, साहेब." एकटे मगदूम म्हणत नसत. ते हृदयाचे डॉक्टर. निम्म्या कमिटीचं हृदय त्यांच्या ताब्यात होतं, त्यामुळं त्यांना कुणाची भीती नव्हती.

पिशवी घ्यायला साहेबांनी मलाच सांगितलं. सगळा क्लब मागं मागं चालत होता, आणि लांब, आमच्या खोल्यांच्या पायरीवर मंगल आणि लेक उभ्या होत्या. साहेब त्या दिवशी असे खेळले की मगदूमांनी दोनदा चष्मा पुसला. वेटर गेला, जावई गेला, सप्लायर गेले, पुढारी तर कितीदा तरी गेला. तरी मगदूम मगदूमच. शेवटच्या होलवर आले तेव्हा दोघे बरोबरीत.

शेवटचा होल जुन्या दगडाच्या खाणीपलीकडं. खाणीत बारमाही पाणी. अलीकडं मारून मग वळसा घालता येतो, पण मगदूमांचा बॉल आधीच पलीकडं जाऊन पडला होता. साहेबांना पाणी ओलांडावंच लागणार होतं. एवढा लांब फटका त्यांनी जन्मात मारला नव्हता.

साहेब बॉलपाशी उभे राहिले. मग बाजूला झाले आणि मला जवळ बोलावलं.

"मास्तर, माणूस उरला न्हाई," ते हळूच म्हणाले. "सगळे वापरून झाले. ह्यो पाण्यापलीकडं जाईल असा कोण हाय?"

"युनियनवाला, साहेब?"

"त्याच्यावर आता रागच येईना. शिळा झाला."

त्यांनी जमलेल्या सभासदांवरून नजर फिरवली. शिरगावकरांवर ती क्षणभर थांबली, तेव्हा शिरगावकर दुसऱ्याच्या मागं सरकले. साहेबांनी मान हलवली. मग माझ्याकडं बघितलं.

"मास्तर, जरा पुढं उभं ऱ्हावा. हां, तिथंच. पिशवी घेऊन."

ऊन डोळ्यावर येत असेल म्हणून मी सावली धरायला पुढं झालो. साहेब माझ्याकडं बघून हसले, फार प्रेमानं हसले. "मिळाला," ते म्हणाले. मग बॉलकडं बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो ओळखीचा कंटाळा आला.

तसा फटका मी पुन्हा बघितला नाही. फौजेत जनरल लोकांनाही मारताना बघितलेलं नाही. मनगट दुमडलं, रेंगाळलं, आणखी रेंगाळलं, मला वाटलं आता उशीर झाला, आणि तेव्हा सुटलं. बॉल पाण्यावरून गेला, मगदूमांच्या बॉलवरून गेला आणि हिरवळीवर झेंड्याच्या पायाशी जाऊन बसला. तो वीतभरावरच होता. मगदूमांनी टोपी काढली आणि म्हणाले, "उचला, इंगवले. ढाल तुमची."

मी तर पिशवी टाकून टाळ्या वाजवल्या. "साहेब, कोण होता हा?"

"सांगतो की," साहेब म्हणाले. "संध्याकाळी सांगतो."

संध्याकाळी मांडव घातला होता. पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, दिव्यांच्या माळा. साहेबांनी भाषणात आईवडिलांचे आभार मानले, अंबाबाईचे मानले, कमिटीचे मानले आणि दुबईच्या यंत्राबद्दल जावयाचेही मानले. जावई उभा राहून चहूकडं वाकला. मी टाळ्या वाजवत वाट बघत होतो. मंगलला मी मुद्दाम चांगलं लुगडं नेसायला लावलं होतं, साहेबांनी व्यासपीठावर बोलावलं तर असावं म्हणून. बोलावलं ते एका गोऱ्यागोमट्या पोराला. केसांना जेल, टोपी उलटी. शिरगावकरांनी त्याची ओळख करून दिली, क्लबचे नवे प्रशिक्षक. बँकॉकचा कोर्स केलेले.

मला वाटलं, काहीतरी घोटाळा आहे, साहेबांना माहीत नसणार. मी गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेलो. ते मगदूमांशी बोलत होते. ढाल उजव्या काखेत होती.

"साहेब," मी म्हणालो, "आपलं ठरलं होतं. नोकरीचं. खोल्यांचं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. डावा हात तेवढा हलला.

मनगट आधी दुमडलं. मग रेंगाळलं. मग सुटलं, हाताची पाठ माझ्याकडं. आणि मी दोन पावलं मागं गेलो तेव्हा मला कळलं की दुपारी मी सावली धरायला उभा नव्हतो. पाण्यापलीकडं गेला तो मीच होतो.

शिरगावकरांनी मला हाताला धरून बाजूला घेतलं. पोराला पत्र केव्हाच गेलं होतं, ते म्हणाले, साहेबांनीच सही केली होती. खोल्या लगेच सोडायची घाई नाही, पावसाळ्याआधी सोडल्या तरी चालतील. कौलंही तेव्हाच बसवणार होते, नव्या मास्तरांसाठी. ढाल घेऊन साहेबांच्या डोक्यात घालावी असं वाटलं. पण मागं मंगल उभी होती, आणि तिनं सगळं बघितलं होतं.

मला वाटलं, आता ती बोलेल. तिला बोलायचा हक्क होता आणि भाकरीच्या दिवसापासूनचं सगळं शिल्लक होतं. पण ती नुसती माझ्याबरोबर मांडवाबाहेर आली. खोल्यांच्या वाटेवर, खाणीपाशी आल्यावर थांबली.

"कसं हुतं मनगट?" तिनं विचारलं.

खोटं कशाला बोलायचं. "बिनचूक," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मग मांडवाकडं वळली. तिथं दिव्याखाली साहेब ढाल काखेत घेऊन फोटोला उभे होते, शेजारी जावई, शेजारी ते पोरगं. मंगलनं डावा हात उचलला, मनगट दुमडलं, आणि त्या सगळ्या उजेडाकडं एकदा झाडलं.

"असंच न्हवं?"

"कोपर जरा आत घे," मी म्हणालो.

तिनं घेतलं. दुसऱ्यांदा चांगलं जमलं.